पंकवाल्याचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आणि आमचं चुकीच्या दारात चाललेलं भांडण

गेल्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर एकानं कपाट आवरताना सापडलेल्या सीडीचा फोटो टाकला. बिली आयडॉल, ‘ग्रेटेस्ट हिट्स’, २००१. खाली फक्त एक बदाम. त्यावर आमचा नाशिककर, जो एरवी महिनाभर गुड मॉर्निंगला अंगठा दाखवण्यापलीकडे काही बोलत नाही, तो उसळून म्हणाला, "पंकवाल्याचा ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे उपासाची बिर्याणी." झालं, रात्री दीडपर्यंत चाललं. एक पार्टी म्हणतेय की पंक, म्हणजे ते सत्तरच्या दशकातलं खरखरीत, बंडखोर रॉक, हे मुळात बाजाराच्या विरोधातलं संगीत, त्याचा ‘हिट्स’ काढला म्हणजे माणूस विकला गेला, विषय संपला. दुसरी पार्टी म्हणतेय गाणी भारी आहेत ना, मग गपचूप ऐका, कशाला डोकं लावताय. मला दोन्ही बाजू बोगस वाटतात. पहिली इतिहास न बघता बोलतेय आणि दुसरी विचारच करायचा नाही म्हणून बोलतेय. माझं म्हणणं सरळ आहे: निवडक गाण्यांचा अल्बम ही पंकशी गद्दारी नाही, उलट पंकला सगळ्यात जास्त शोभणारा प्रकार तोच आहे, आणि भांडायचंच असेल तर ‘काढला का’ यावर नको, ‘कोणी निवडलं आणि काय गाळलं’ यावर भांडा, तिथे मी पण तुमच्या बाजूनं येतो.

ज्यांना हा बिली आयडॉल नावाचा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव विल्यम ब्रॉड, जन्म १९५५, लंडनच्या कडेचा. शाळेत मास्तरांनी शेरा मारला की विल्यम आळशी आहे, इंग्रजीत ‘आयडल’, त्याच शब्दावरून यानं नाव घेतलं, फक्त स्पेलिंग बदलून आळशीची मूर्ती केली. म्हणजे मास्तरांचा शेरा आयुष्यभर छातीवर मिरवला, याहून पंक काय असतं मला माहीत नाही. ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक बँडच्या मागे फिरणाऱ्या पोरांच्या टोळक्यातला हा, १९७६ मध्ये ‘जनरेशन एक्स’ नावाचा बँड काढला, १९८१ मध्ये तो मोडला, न्यूयॉर्क गाठलं, स्टीव्ह स्टीव्हन्स नावाचा अफाट गिटारवाला भेटला, एमटीव्ही नुकतंच सुरू झालं होतं आणि याचे उभे पांढरे केस नि वर चढलेला ओठ टीव्हीसाठीच बनवल्यासारखे होते. पुढचं सगळं त्या सीडीवर आहे.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते आधी कबूल करतो, कारण त्यांचे मुद्दे फालतू नाहीत. पहिलं म्हणजे २००१ चा तो अल्बम कुठल्या आतल्या तळमळीतून आलेला नाही. १९९३ चा ‘सायबरपंक’ सपशेल आपटला होता, त्यानंतर २००५ पर्यंत याचा एकही नवा स्टुडिओ अल्बम नाही. मधल्या काळात कंपनीच्या हातात काय होतं? जुना माल. तो नव्या वेष्टनात आला. आणि वर शेवटी एक नवं गाणं चिकटवलं, ‘डोन्ट यू (फर्गेट अबाउट मी)’. या गाण्याची गंमत अशी की आयडॉलचाच प्रोड्युसर कीथ फोर्सीनं ते दुसऱ्या एकाबरोबर मिळून एका सिनेमासाठी लिहिलं होतं, आयडॉलला आधी विचारलं, हा नको म्हणाला, मग ‘सिंपल माइंड्स’नं गायलं आणि १९८५ मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. सोळा वर्षांनी यानं ते गाऊन दाखवलं. म्हणजे ज्याच्याकडे बाकीची पंधरा गाणी आधीच आहेत त्यानं एका गाण्यासाठी अख्खी सीडी पुन्हा विकत घ्यायची. ही लबाडीच आहे, हिचं समर्थन मी करणार नाही.

दुसरं, ‘हिट’ हा शब्दच दुकानदाराचा आहे. किती खपलं यावरून काय चांगलं हे ठरवणं, याच्याच तर विरोधात ही पोरं उभी राहिली होती. ‘क्लॅश’ या लंडनच्याच दुसऱ्या पंक बँडनं जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला तेव्हा ‘स्निफिन ग्लू’ हे झेरॉक्स मासिक काढणारा मार्क पेरी म्हणालाच होता की पंक त्या दिवशी मेलं. आणि १९८० मध्ये कंपनीनं पिस्टल्सचा संग्रह काढला, त्याचं नाव होतं ‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’, म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक, आणि मागच्या कव्हरवर सोनेरी रेकॉर्डवर ठेवलेली प्लास्टिकची कुत्र्याची घाण. स्वतःच्याच ‘हिट्स’बद्दल याहून स्पष्ट कोण बोलणार? तेव्हा नाशिककराच्या बिर्याणीला आधार आहे, नाही असं नाही.

पण आता जरा मागे जाऊ, कारण ही मंडळी १९७६ च्या मागे जातच नाहीत. १९७२ मध्ये इलेक्ट्रा कंपनीनं ‘नगेट्स’ नावाचा डबल अल्बम काढला. १९६५ ते ६८ च्या दरम्यान अमेरिकेतल्या गल्लीबोळातल्या, गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या पोरांनी काढलेली सुटी सुटी गाणी, बरीचशी एकदा वाजून विसरली गेलेली, ती वेचून २७ गाण्यांचा संग्रह. वेचणारा कोण? लेनी के, तेव्हा रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा आणि संगीतावर लिहिणारा पोरगा. त्या संग्रहाच्या टिपणात त्यानं या गाण्यांना ‘पंक रॉक’ म्हटलं, पिस्टल्स जन्मायच्या तीन वर्षं आधी. आणि हाच लेनी के पुढे न्यूयॉर्कची पंक गायिका पॅटी स्मिथ हिच्या शेजारी गिटार घेऊन उभा राहिला. म्हणजे बघा, ज्या संगीताला संग्रह चालत नाही म्हणताय त्या संगीताच्या बारशातच एका संग्रहाचा हात आहे! न्यूयॉर्कच्या आणि लंडनच्या पोरांना तीन कॉर्डमध्ये गाणं बसतं हे कोणी शिकवलं? अशाच दुसऱ्याच्या निवडीनं. मग वेचणं हे पाप कधीपासून झालं?

आणि पंकचा मूळ ऐवज काय होता ते पण बघा. अल्बम हा पंकचा प्रकारच नाही. तो प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांचा, वीस वीस मिनिटांचं एक गाणं, एका बाजूला एकच, मध्ये ड्रमरचा सोलो आणि आपण चहा पिऊन यायचं. त्याला कंटाळूनच तर ही पोरं सात इंची सिंगलवर आली, तीन मिनिटं, एका बाजूला एक गाणं, मागे दुसरं, संपलं. ‘बझकॉक्स’ या पंक बँडनं पाचशे पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड स्वतः काढली, जानेवारी १९७७, पहिल्या हजार प्रती. याच बझकॉक्सचं सगळ्यात जास्त मानलं जाणारं काम कुठलं विचाराल तर कोणीही ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ सांगेल, आणि तो १९७९ मध्ये अमेरिकेच्या मार्केटसाठी काढलेला संग्रह आहे! एका बाजूला आठ सिंगल्स, दुसऱ्या बाजूला त्याच सिंगल्सच्या मागच्या बाजूची आठ गाणी, आली त्याच क्रमानं. काही कलाकुसर नाही, नुसती रांग लावली आणि तरी ते त्यांच्या नीट बांधलेल्या अल्बम्सपेक्षा सरस वाटतं. का? कारण गाणी सुटी सुटीच जन्माला आली होती. आणि पिस्टल्सचा तो एकुलता एक पवित्र अल्बम, १९७७ चा, त्यातल्या बारा गाण्यांपैकी चार आधीच सिंगल म्हणून बाहेर आलेली होती, तेव्हाही लोक कुरकुरले होते की आमच्याकडे हे आहेच की. त्याला नाही कोणी बिर्याणी म्हणत.

बरं, हे सगळे मोठ्या कंपन्यांचे, सोडा. वॉशिंग्टनचा ‘मायनर थ्रेट’ घ्या, ‘डिस्कॉर्ड’ ही त्यांची स्वतःची कंपनी, बाजाराबद्दल यांच्याइतकं सोवळं कोणी पाळलं नसेल. त्यांनी १९८९ मध्ये काय केलं? बँडनं आयुष्यात जेवढं रेकॉर्ड केलं होतं ते जवळपास सगळं, २६ गाणी, एका सीडीवर घालून ‘कम्प्लीट डिस्कोग्राफी’ म्हणून विकायला ठेवलं. पाऊण तासात बँड संपतो. कारण साधं होतं, जुन्या छोट्या रेकॉर्डी शोधत फिरण्यापेक्षा नव्यानं आलेल्या पोराला एका जागी, परवडणाऱ्या पैशात सगळं मिळावं. आता सांगा, हे विकलं जाणं आहे का वाटणं आहे?

आपल्याकडचं उदाहरण देतो, तुलना ताणतोय हे मला माहितेय. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत, पण वारीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत भजनी मालिका असते. कोणीतरी कधीतरी निवडलंय की काकड्याला हे, हरिपाठानंतर ते. म्हणून तुकोबा पातळ झाले असं कोणी वारकरी म्हणाला का? म्हणायला चालतात ते अभंग मालिकेत आले, अभ्यासाला गाथा आहेच.

आता ‘हिट’ या शब्दाकडे येतो कारण खरी मजा इथे आहे. आयडॉलचं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं? दहातले आठ जण म्हणतील ‘रिबेल येल’. हे गाणं अमेरिकेच्या चार्टवर कितव्या नंबरला गेलं होतं? सेहेचाळीस. होय, ४६. ‘व्हाइट वेडिंग’ ३६ ला थांबलं. आणि एक नंबरला गेलेलं एकमेव गाणं कुठलं तर ‘मोनी मोनी’, १९८७, ते पण १९६८ चं दुसऱ्याचं गाणं, त्याची लाइव्ह आवृत्ती. त्यातही विनोद असा की यानं ज्या गाण्याला खाली ढकलून पहिला नंबर घेतला ते टिफनी नावाच्या पोरीचं गाणं पण त्याच मूळ गायकाचं, टॉमी जेम्सचंच होतं. दुकानदाराचा हिशेब लावला असता तर ‘मोनी मोनी’ सगळ्यात वर आणि ‘रिबेल येल’ खाली कुठेतरी. पण तसं झालं नाही. वर्षानुवर्षं लोकांनी, क्लबवाल्यांनी, गाडीत ऐकणाऱ्यांनी ठरवलं की आमचं गाणं हे. म्हणजे संग्रहातला ‘हिट’ हा चार्टवाला हिट नसतोच, तो नंतर लोकांनी दिलेला निकाल असतो. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या पंक बँडचं बघा ना. अमेरिकेत यांचं एकही गाणं पहिल्या चाळिसात गेलं नाही, सगळ्यात वरचं ६६ ला. तरी १९८८ मध्ये ‘रमोन्स मेनिया’ म्हणून तीस गाण्यांचा संग्रह निघाला आणि तो गोल्ड झाला, म्हणजे लाखोंनी खपला, तर १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम, ज्यानं सगळं सुरू केलं, तो गोल्ड व्हायला २०१४ उजाडलं. तोपर्यंत चौघा मूळ मेंबरांपैकी तिघे देवाघरी गेले होते. नव्या पोरांना रमोन्सच्या घरात शिरायला तोच दरवाजा होता, त्याला विकलं जाणं म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

आणि आपण कुठल्या तोंडानं बोलतोय? या ग्रुपवरच्या एकानं तरी बिली आयडॉलचा अख्खा अल्बम त्या काळी ऐकला होता का? केबल आली, मेसमधल्या टीव्हीवर एमटीव्ही दिसायला लागलं, त्यावर ‘क्रेडल ऑफ लव्ह’. त्या व्हिडिओत हा भिंतीवरच्या फ्रेमांमधूनच गातो, कमरेच्या वरचाच दिसतो, आम्हाला वाटायचं काय भारी आयडिया आहे, नंतर कळलं की मोटारसायकलच्या अपघातात पायाची वाट लागली होती आणि उभंच राहता येत नव्हतं. मग आम्ही काय केलं? वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहिली, कोरी नव्वदची कॅसेट घेतली आणि चौकातल्या दुकानात भरायला दिली. चार दिवसांनी मिळायची, कव्हरवर दुकानातल्या पोराच्या अक्षरात नावं, ‘रिबल यल’, ‘वाइट वेडिंग’, आणि ए बाजूला दोन मिनिटं उरली म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं कुठलं तरी इन्स्ट्रुमेंटल घातलेलं. ती कॅसेट म्हणजे काय होतं? ग्रेटेस्ट हिट्सच की! आमची निवड, अधिक त्या पोराची निवड, आणि गायकाच्या खिशात एक दमडी नाही. तिथे नाही कोणाला पंकची तत्त्वं आठवली. नाशिककरानं तर माझीच कॅसेट नेऊन परत दिली नाही, ते असो.

आता त्या सीडीकडे नीट बघा, आमचे दोन्ही पक्ष जे करत नाहीत. पहिलं गाणं ‘डान्सिंग विथ मायसेल्फ’. हे एकट्या आयडॉलचं गाणं नाहीच मुळात. हे जनरेशन एक्सचं, बँडनं नाव कापून ‘जेन एक्स’ केलं होतं तेव्हाचं, १९८० चं, त्यानं आणि बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या टोनी जेम्सनं मिळून लिहिलेलं. जपानच्या दौऱ्यावर एका डिस्कोमध्ये गेले, तिथे पोरं जोडीदाराबरोबर नाचायचं सोडून भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे बघत नाचतायत, त्यावरून सुचलं. ब्रिटनमध्ये ६२ व्या नंबरपर्यंत गेलं आणि पडलं. आता वाजवतंय कोण ते ऐका. गिटारवर पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्स आहे. ड्रम्सवर टेरी चाइम्स आहे, जो क्लॅशचा पहिला ड्रमर. आणि प्रोड्युसर कीथ फोर्सी, जो जॉर्जिओ मोरोडरच्या डिस्को रेकॉर्डवर ड्रम वाजवत मोठा झाला. हेडफोन लावून ऐका, खाली ठोका डिस्कोचा आहे, एकसारखा, घड्याळासारखा, आणि वर त्या गिटारी पंकच्या आहेत, कडेनं खरखरीत. पंक आणि डिस्को हे एकमेकांचे जानी दुश्मन असं आपण वाचत आलो, इथे ते एका खोलीत बसून मजेत वाजवतायत. नंतरचा सगळा आयडॉल या एका गाण्यात आहे. मग तो न्यूयॉर्कला जाऊन बाटला ही थिअरी कुठे टिकते? तो लंडनला होता तेव्हाच तसा होता. क्लॅशवाले १९७७ मध्ये एल्विस नको, बीटल्स नकोत म्हणत होते तेव्हा जनरेशन एक्स साठच्या दशकातल्या एका टीव्ही शोवर प्रेमानं गाणं करत होते आणि त्यासाठी शिव्या खात होते. यानं पॉप कधी सोडलंच नव्हतं, तर परत गेला म्हणून ओरडायचं कशाला? आणि तेराव्या-चौदाव्या गाण्याकडे पण लोक जात नाहीत. ‘शॉक टू द सिस्टिम’ हे १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीनंतर लिहिलेलं आहे, पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला मारहाण केली ते कॅमकॉर्डरमध्ये सापडलं त्यावरून. ते आहे त्या ‘हिट्स’मध्ये, पार्टीच्या गाण्यांच्या रांगेत, कोणी काढलेलं नाही.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही की त्या सीडीवर १९७६ ते ८१ मधलं फक्त हेच एक गाणं आहे, आणि तेही आयडॉलच्या एकट्याच्या नावावर. जनरेशन एक्सचं ‘युअर जनरेशन’ नाही, ‘किस मी डेडली’ नाही, काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की हा माणूस १९८१ मध्ये पांढरे केस घेऊन आकाशातून पडला. टोनी जेम्स कोण, तो बँड कोणता, काही पत्ता नाही. याच्या शेजारी रॉक गायिका जोन जेटचं ठेवून बघा. तिला सुरुवातीला तेवीस कंपन्यांनी नाही म्हटलं, तिनं स्वतःची ‘ब्लॅकहार्ट’ काढली, आणि २०१० मध्ये स्वतःचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढताना आधीच्या ‘रनअवेज’ बँडमधलं ‘चेरी बॉम्ब’ नव्यानं रेकॉर्ड करून त्यात घातलं. म्हणजे मी कुठून आले ते लपवणार नाही. निवड तिची, कंपनी तिची, त्यामुळे आठवणही तिची. पॅटी स्मिथचं अजून वेगळं, चार्टच्या भाषेत तिचा मोठा हिट एकच, ‘बिकॉज द नाइट’, १९७८, ते पण ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर मिळून लिहिलेलं, तरी २००२ मध्ये तिचा ‘लँड’ हा दोन सीडींचा संग्रह निघाला आणि दुसऱ्या सीडीवर डेमो, लाइव्ह, कच्चा माल ठेवला. हिट्स नसताना ग्रेटेस्ट काढायचा तर असा काढावा.

हे असं बघितलं की ‘गाणी भारी आहेत ना, ऐका गपचूप’ ही दुसऱ्या पार्टीची लाइन पण ढासळते. का गपचूप? आपल्याकडे कुठल्याही कवीचं ‘निवडक’ निघालं की पहिली मारामारी कोण सुटलं यावरच होते आणि ती व्हायलाच पाहिजे, कारण पुढच्या पिढीला तेवढंच मिळणार असतं. आता तर ॲपवर आर्टिस्टचं नाव टाकलं की वरची पाच गाणी मशीन काढून देतं, ना लेनी के, ना दुकानातला पोरगा. तिथे टिपण नाही, मागची बाजू नाही, कोणी निवडलं ते विचारायची सोय नाही. त्या मानानं २००१ ची ती सीडी म्हणजे निदान कोणीतरी माणसानं बसून लावलेली रांग आहे, शिव्या घालायला समोर कोणीतरी आहे.

तर मी ग्रुपवर माझी यादी टाकली. शेवटची दोन गाणी, म्हणजे ‘रिबेल येल’ची अकूस्टिक आवृत्ती आणि ते उशिरा सुचलेलं ‘डोन्ट यू’, दोन्ही काढायची. सुरुवातीला ‘युअर जनरेशन’ आणि ‘किस मी डेडली’ घालायची, सोळाची सोळाच राहतात, ‘डान्सिंग विथ मायसेल्फ’ तिसऱ्या नंबरवर आलं की आपोआप कळतं की माणूस कुठून कुठे निघालाय. नाशिककरानं वीस मिनिटं काहीच लिहिलं नाही, मला वाटलं पटलं. मग मेसेज आला, "मग मोनी मोनी पण काढ, ते तर त्याचं नाहीच." मी म्हटलं ते काढणार नाही, आणि आधी माझी कॅसेट परत कर.